आधी गोळी, मग भीती

हे लिहायला बसले तेव्हा माझा नवरा सुधाकर म्हणाला, "कशाला जगाला सांगतेस? झालं गेलं." त्याचंही चुकत नाही. मला टीबी झाला होता हे आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांना अजून माहीत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे मला न्यूमोनिया झाला होता, आणि तोही दोनदा. पण गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीच्या वहिनीला हाच आजार निघाला. ती मुलगी मला कौतुकाने सांगत होती, "आम्ही तिला सारखं म्हणायला लावतो, मला काही झालेलं नाही, मला काही झालेलं नाही." ते ऐकून मी जेवणाचा डबा तसाच बंद केला आणि घरी येऊन वही काढली.

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भीतीवर मात केल्याची गोष्ट वाचायची असेल तर ती इथे मिळणार नाही. अजून कोणी शेजारी खोकलं की माझं धाबं दणाणतं.

फोनवरचं वाक्य

मी न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. जहाजातून माल उतरला की कस्टमचे कागद करून तो सोडवून द्यायचा, हा आमचा धंदा. माझं काम फोनवर बसायचं. सकाळी दहापासून पार्ट्यांचे, म्हणजे माल मागवणाऱ्यांचे, फोन सुरू होतात: माल कधी सुटणार? आणि माझं उत्तर ठरलेलं: "आज संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, साहेब." कागद कुठल्या टेबलावर अडकलाय याचा मला पत्ता नसला तरी आवाज असा काढायचा की समोरच्याला वाटावं, माल गेटबाहेर पडतोय. हे जमलं नाही तर त्या खुर्चीवर आठवडाभरही कोणी टिकणार नाही.

मात्र आमच्या नाईकसाहेबांचा एक नियम होता. फोनशेजारी एक जाड रजिस्टर असायचं. त्यात प्रत्येक माल त्या दिवशी खरोखर कुठे आहे ते लिहायचं. तपासणी बाकी. सही नाही. कागद परत आला. मी नवीन असताना एकदा त्यातही 'आज होईल' असं लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं. म्हणाले, "फोनवर वेळ मारून न्यावी लागते, मॅडम. रजिस्टरमध्ये मारलीत तर धंदा बुडेल."

नोकरीत मी हा नियम काटेकोर पाळला. शरीराच्या बाबतीत मात्र माझ्याकडे नुसता फोन होता.

पहिला एक्स-रे

दोन महिने खोकला होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ब्लाउज सैल पडायला लागले. मी मनाला सांगायची, बंदरावरची धूळ आहे, ट्रकचा धूर आहे, होऊन जाईल बरं. शेवटी सुधाकरनेच वाशीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि सरळ म्हणाले, टीबी आहे, बरा होतो, नऊ महिने गोळ्या, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही.

मला त्यातलं 'बरा होतो' ऐकूच आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर जुई आली. आमची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. मला माझ्या पाचव्या वर्षातलं काय आठवतं, असा विचार मनात आला. एक लाल सायकल आणि कुणाच्या तरी लग्नातला बँड. एवढंच. म्हणजे मी आत्ता गेले तर तिला मी आठवणारसुद्धा नाही. फोटोतली बाई होऊन जाईन. त्या दिवसापासून माझी भीती ही एवढीच होती. मरणाची कमी, तिच्या डोक्यातून पुसलं जाण्याची जास्त.

जुईची तपासणी झाली, तिला काही नव्हतं. सासूबाईंनी घरी गेल्या गेल्या माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढला. त्या साताऱ्याकडच्या. त्यांचा थोरला भाऊ याच आजाराने गेला होता, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. भांडी वेगळी करताना त्या रडत होत्या, पण हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "कुणी विचारलं तर न्यूमोनिया सांगायचं." मला ते फार बरं वाटलं. खोटं बोलायला घरातूनच परवानगी मिळाली.

एकवीस वेळा

दोन महिन्यांत खोकला गेला. वजन चार किलो वाढलं. गोळ्यांनी मात्र जीव नकोसा केला होता. सकाळी मळमळायचं, लघवी केशरी लाल व्हायची, बसमध्ये उलटी येईल म्हणून मी नेहमी खिडकीची जागा धरायची.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका गृहस्थांचं भाषण झालं. विषय होता स्वतःशी चांगलं बोलण्याचा. माणूस मनात जे सारखं म्हणतो तसा तो घडत जातो, म्हणून रोज आरशासमोर आपलं एक चांगलं वाक्य एकवीस वेळा म्हणा, असं ते म्हणाले. छान बोलले. नोकरी नसलेल्या मुलांना, परीक्षेला घाबरणाऱ्यांना त्याचा उपयोगही झाला असेल. औषधं सोडा असं ते चुकूनही म्हणाले नव्हते, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. ती अक्कल माझी.

मी वाक्य केलं: मी पूर्ण बरी आहे. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि रोज एकवीस वेळा म्हणायला लागले. मला ते फारच सोपं गेलं. सगळी हयात तेच करण्यात गेली होती, फक्त आता पार्टीही मीच होते. गोळ्यांचा डबा त्याच कपाटात, कागदाच्या खाली होता. एके सकाळी एकवीस वेळा म्हणून झालं आणि डब्याकडे बघताना मनात आलं, मी पूर्ण बरी आहे तर या गोळ्या कोणासाठी? त्या दिवशी गोळी घेतली नाही. पोट शांत राहिलं. दुसऱ्या दिवशीही घेतली नाही. गोळी घेणं म्हणजे त्या वाक्यावर अविश्वास दाखवणं, असं काहीतरी मी स्वतःला पटवलं होतं.

आठवड्याने सुधाकरने विचारलं, गोळ्या संपल्या का, आणायच्या का. मी म्हणाले, डॉक्टरांनी बंद केल्या. आवाज इतका सराईत निघाला की माझा मलाच खरा वाटला. तो खूश झाला. येताना माझ्यासाठी श्रीखंड घेऊन आला आणि मी ते खाल्लं.

कॉलरवरचा डाग

चार महिने गेले. एका सकाळी जुईच्या वेण्या घालत होते. ती माझ्या गुडघ्यांमध्ये पाठ करून उभी होती. शाळेचा पांढरा शर्ट घातलेला. मला खोकला आला, मी तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता. तिच्या कॉलरवर लाल डाग पडला.

तिने मान वळवून विचारलं, "आई, काय सांडलं?"

मी म्हणाले, कुंकू.

शर्ट बदलला, वेणी पुरी केली, तिला रिक्षात बसवलं. मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. बेसिनमध्ये अजून रक्त पडलं. आरसा समोरच होता. वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती चूळ भरली. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. रक्तापेक्षा मला त्या डागाची भीती वाटत होती. माझा रोग तिच्या मानेपासून दोन बोटांवर पडला होता.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, मागच्या वेळच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का. सुधाकर शेजारी उभा होता. मी म्हणाले, "हो, सगळ्या घेतल्या, साहेब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही खोटं सांगितलंत तर मी चुकीचं औषध देईन. हे औषध चुकलं तर पुढच्या वेळी द्यायला माझ्याकडे काही नसेल."

मग मी सांगितलं. किती दिवस घेतल्या, कधी सोडल्या, घरी काय सांगितलं. सांगताना नजर त्यांच्या पेनवर होती. सुधाकर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाहेर व्हरांड्यात गेला, बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, "रोज मांडीवर घेऊन बसायचीस तिला. रोज." त्यानंतर कित्येक दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

जुईची पुन्हा तपासणी झाली. आजार नव्हता, पण खबरदारी म्हणून तिला सहा महिने रोज गोळी सुरू केली. माझ्या खोटेपणाची गोळी पाच वर्षांचं पोर गिळणार होतं. तिला पनवेलला माझ्या ताईकडे पाठवलं.

वॉर्ड

वॉर्डमध्ये सकाळी सहाला सिस्टर सुई घेऊन यायची. रोज कमरेत एक सुई, मग मूठभर गोळ्या, मग चहा. थोड्या दिवसांनी बसताना कोणती बाजू टेकवायची हा प्रश्न पडायला लागला. सुईने कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. बहिरी होणार की काय, ही आणखी एक भीती. सात नंबरच्या खाटेवरची बाई एका दुपारी गेली. संध्याकाळी तिथे धुतलेली चादर होती आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बाई. मी त्या खाटेकडे पाठ करून झोपायची, म्हणजे दुखऱ्या बाजूवर.

माझ्या शेजारच्या खाटेवर जयवंतीबाय होती. मोरा बंदरावरची, मासळी विकणारी, साठीच्या पुढची. कोणावरही खेकसायची, गोळीवरसुद्धा. गोळी तळहातावर घेऊन तिला शिवी घालायची आणि गिळायची. एका सकाळी माझ्या हातात गोळ्या होत्या आणि मी त्या पुन्हा पुन्हा मोजत होते. या पण लागू पडल्या नाहीत तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. ती माझ्याकडे वळली.

"भ्या वाटतंय?"

मी मान हलवली.

"मना पन वाटतंय. वाटू दे. आधी गोली गिलाची, मंग भ्याचं. दिस मोठा हाय."

मी गिळल्या. मग दिवसभर घाबरले. पण गोळ्या पोटात होत्या. कोणी पहिल्यांदाच मला घाबरू नकोस असं न सांगता पुढचं काम सांगितलं होतं. जयवंतीबाय माझ्या आधी घरी गेली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही, आणि विचारायला मोऱ्याला जायचा धीर मी अजून केलेला नाही.

त्याच आठवड्यात मी सुधाकरकडून एक वही मागवून घेतली. ऑफिसच्या रजिस्टरसारख्या रेघा मारल्या आणि रोज खरं तेच लिहायचं ठरवलं. आज वजन अडतीस, मागच्या सोमवारपेक्षा अर्धा किलो कमी. ताप आहे. सकाळी उलटी झाली, पण गोळ्या घेऊन तासाने. सुई अकरावी. जुईचा फोन नाही. आणि शेवटी एकच शब्द: घेतली. लिहून झालं की हळू आवाजात स्वतःला वाचून दाखवायची. सुरुवातीला ते वाचणं आरशातल्या वाक्यापेक्षा दसपट अवघड गेलं. पण एक फरक होता. 'मी पूर्ण बरी आहे' म्हणताना आत कुणीतरी दर वेळी हळूच म्हणायचं, खोटं. 'आजची घेतली' म्हणताना ते गप्प बसायचं. त्याला बोलायला जागाच नव्हती.

स्वतःशी चांगलं बोलायचं ते असं, हे मला तिथे कळलं. पहिल्या महिन्यात लिहायला चांगलं फक्त हा एकच शब्द होता. नंतर नंतर आणखी आले. जिना एका दमात चढले. भाकरी दीड खाल्ली. खोकला रात्रीचा नाही. यातला एकही शब्द मी आगाऊ लिहिला नाही.

घरी

म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. मुंगी कशी चालते ते मी आठ महिने बघितलं. घरी आल्यावर गोळ्यांचा ताबा सासूबाईंनी घेतला. डबा त्यांच्या कमरेच्या किल्लीखाली. रोज सकाळी समोर उभ्या राहायच्या आणि गिळल्यावर म्हणायच्या, "आ कर." मी पस्तिशीची बाई, एका ऑफिसची मॅडम, जीभ वर करून दाखवायची. पहिले काही दिवस अपमानाने डोळ्यांत पाणी यायचं. मग एकदा त्या तोंडात वाकून बघताना पुटपुटल्या, "दादाला कुणी असं बघितलं नाही." त्यानंतर त्यांनी सांगायच्या आधीच मी तोंड उघडायला लागले.

सुधाकर हळूहळू बोलायला लागला. पण तो माझ्या वहीवर विश्वास ठेवायचा नाही, डब्यातल्या गोळ्या मोजायचा. मला राग यायचा आणि रागावायचा हक्क नाही हेही कळायचं.

जुई दर रविवारी पनवेलहून ताईबरोबर यायची. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता थुंकीत जंतू नाहीत, मुलीला घरी आणायला हरकत नाही. मला धीर झाला नाही. एकदा खोट्या धिटाईने तिला जवळ घेतलं होतं, आता खऱ्या भीतीने लांब ठेवलं. कोणी म्हणेल दुसरं टोक गाठलंस. गाठलं. ती खाली कंपाउंडमध्ये उभी राहायची, मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. शाळेत काय शिकवलं ते ओरडून सांगायची. बिल्डिंगमधल्या बायकांना आम्ही सांगितलं होतं, तिची शाळा पनवेलला आहे म्हणून.

ज्यांच्या घरात हा आजार आत्ता आहे त्यांना एवढंच सांगते. आजारी माणसाला 'तुला काही झालेलं नाही' असं म्हणायला लावू नका. त्याला विचारा, आज काय झालं, आज काय घेतलं. तो घाबरला असेल तर घाबरू द्या, फक्त शेजारी बसा. आणि बरं वाटायला लागलं की त्या दिवसापासून जास्त लक्ष ठेवा. मी मरायला टेकले ते आजारी असताना नाही, बरं वाटत असताना.

जुई

शेवटच्या एक्स-रेनंतर डॉक्टर म्हणाले, औषध बंद. मी विचारलं, नक्की? म्हणाले, नक्की. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी सुधाकरकडे बघितलं, आणि सुधाकर म्हणाला, "लिहून द्या तिला, डॉक्टर." त्यांनी लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी ताई जुईला कायमची घरी घेऊन आली. मी खाटेवर बसले होते. दार उघडं होतं. जुई उंबऱ्याबाहेर थांबली. हातात दप्तर, वाढल्यामुळे फ्रॉक आखूड झालेला. ती आत येईना. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, कविता म्हणतेय. नीट ऐकलं तर ती स्वतःलाच सांगत होती: आईजवळ जायचं नाही, म्हणजे आई बरी होते. आईजवळ जायचं नाही, म्हणजे आई बरी होते.

ताईने डोळ्यांना पदर लावला. पहिल्या आठवड्यात रडून रडून जुईने घर डोक्यावर घेतलं तेव्हा तिला हे शिकवलं होतं, म्हणाली. पुढे शिकवावं लागलं नाही. ती आपणहून म्हणायची, झोपताना, गोळी घेताना, आमच्या कंपाउंडात उभी असताना. आठ महिने माझं पोर मला असं बरं करत होतं.

मी म्हणाले, "जुई, मी बरी झाले."

तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "हात लावला तर चालतो?"

एवढा साधा प्रश्न. डॉक्टरांचा कागद उशीखाली होता, तरी मी घाबरले होते. "चालतो," मी म्हणाले.

ती आत आली. लांबूनच हात पुढे करून एक बोट माझ्या मनगटाला लावलं आणि धावत मोरीत गेली. साबणाने हात धुऊन आली. पुन्हा बोट लावलं, पुन्हा धुऊन आली. असं तिने चार वेळा केलं. मी मनगट तसंच पुढे धरून बसले होते. पाचव्या वेळी तिने अख्खा हात ठेवला आणि मोरीकडे गेली नाही.